खाडीत वाजलेला भोंगा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. नवऱ्यावरही फारसा नव्हता म्हणा... पण हे आम्ही तिघांनी एकदम ऐकलं, म्हणून लिहितेय.

आता सांगवीत असतो, तेव्हा पिंपरीत यांच्या कंपनीच्या भिंतीला लागून राहायचो. कंपनी बंद पडून वर्ष होत आलेलं. रिकामे हात — यांनी आणि यांचे कंपनीतले जोडीदार शेळके भाऊजी, मूळचे माणचे, दोघांनी चाकणच्या एका शेडमध्ये फायबरची होडी बनवली. मुळा नदीत तरंगली. लगेच टेम्पोत घालून श्रीवर्धनकडच्या खाडीवर!

काठावरचे एक कोळीमामा म्हणाले, "ओहोटी लागेल, आत जाऊ नका." तेव्हाची मी म्हणजे फार शहाणी बाई. गॉगल डोक्यावर चढवून म्हटलं, "आम्ही नदीकाठची माणसं आहोत, मामा."

भर दुपारी, खाडीच्या मधोमध होडी खरवडली आणि बसली. पाणी डोळ्यांदेखत उतरत होतं.

"वहिनी, वर धरणाचं दार लावलं वाटतं कुनी!" भाऊजी म्हणाले. मी खो-खो हसले. मग चहूकडे चिखल उघडा पडला... काळा, तुकतुकीत. पक्षी एकही नाही. वारासुद्धा थांबलेला.

"अहो, बसलात काय? उतरा नि ढकला!" मीच ओरडले. यांनी पँट दुमडली, एक पाय बाहेर काढला —

आणि भोंगा वाजला.

कंपनीचा. शिफ्ट सुटायचा. त्या भोंग्यावर मी उभी हयात कुकर लावला, मला कळणार नाही? आमच्या कामगारांची एक खोड — भोंगा झाला की हातातलं तिथंच टाकायचं. नट अर्धा असला तरी अर्धाच. यांनी पाय आत घेतला. भाऊजींच्या हातून होडी रेटायचा बांबू सुटला आणि यांचा पाय जिथे पडणार होता, तिथेच उभा रुतला. मग खाली जाऊ लागला... सावकाश, कुणीतरी आतून ओढून घ्यावा तसा. माझ्याहून उंच बांबू, टोकासकट गेला. वर बुडबुडाही नाही.

"ऐकलंत?" यांनी विचारलं.

"आपलाच हाय," भाऊजी पुटपुटले. "पन त्यो तर भंगारात गेला. म्या सोता टेम्पोत चढवलाय."

भरती येईपर्यंत कुणी हललं नाही. काठावर आल्यावर मामांना विचारलं, तर त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं.

भाऊजी पुढे आजारपणात गेले. कंपनीच्या जागी टॉवर झाले. नात म्हणते, "आजी, जहाजाचा हॉर्न असेल." असेल बाई, त्या चिखलात जहाज!

पण गेल्या आठवड्यात हे गच्चीवरच्या टाकीत डोकावायला शिडी चढत होते. मी शेजारी मेथी निवडत बसलेले. तो वाजला. तसाच, लांबलचक. नातीला काही ऐकू आलं नाही.

आणि हे चढतच राहिले. हल्ली यांना ऐकू येत नाही ना...

मी मेथी टाकून धावले, धोतराचा सोगा धरून खाली ओढलं. शिव्या खाल्ल्या. शिडीला काही झालेलं नव्हतं.

तेव्हापासून यांना एकटं सोडत नाही. माझे कान अजून शाबूत आहेत... तेवढ्यावर चाललंय.