ग्रुपची लेन्स आणि बाबांची वीत

गेल्या आश्विनात आमच्या खालच्या शेतातलं भात पिवळं पडायला लागलं, तेव्हा बांधावर बसल्या बसल्या बाबा सहज म्हणाले, "हे आता शेवटचं. पुढल्या वर्षी हे लावत नाय मी."

या भाताला आमच्या घरात वेगळं नाव नाही. नुसतं 'घरचं' म्हणतात. दाण्याच्या टोकाला सुईने टोचल्यासारखा काळा ठिपका असतो, तीच त्याची ओळख. ते उंच वाढतं, जरा वारा सुटला की आडवं होतं आणि मग कापताना कंबर मोडते. बाबांचे गुडघे गेलेत. गावातली तरणी माणसं उंबरगाव-वापीच्या कंपन्यांत जातात, त्यामुळे लावणीला कुणी मिळत नाही. मी तलासरीत शाळेवर विज्ञान शिकवतो, म्हणजे मीही गेलेल्यांतलाच. त्यामुळे "का" असं विचारायचा हक्क मला नव्हता.

मला फक्त एक फोटो हवा होता. पुढे लोंबी मोठी, तिच्यातल्या दाण्याचा काळा ठिपका स्पष्ट दिसेल एवढी. मागे बाबा उभे, चेहरा ओळखू येईल असे, आणि त्यांच्यामागे सगळं शेत. कापणीला आठ दिवस होते.

माझ्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यावरच्या लेन्सने हे जमत नव्हतं. लोंबी धरावी तर बाबा नुसता पांढरा डाग, बाबा धरावेत तर लोंबी गवताची काडी. त्यासाठी बरंच रुंद दृश्य पकडणारी आणि तरीही अगदी जवळचं स्पष्ट दाखवणारी लेन्स लागते. मधल्या सुट्टीत मोबाइलवर वाचून वाचून मी एका जुन्या जपानी लेन्सपर्यंत आलो होतो. अठ्ठावीस मिलीमीटरची. अडचण अशी की त्या लेन्सच्या दोन आवृत्त्या निघाल्या आणि दोन्हींच्या तोंडावर शब्द न् शब्द तेच लिहिलेलं. आधीची तीस सेंटीमीटरच्या अलीकडचं पाहू शकत नाही. नंतरची आतून वेगळी, ती वीसपर्यंत येते. माझ्या फोटोला वीसवालीच हवी होती.

डहाणूला सागर नाक्याजवळ एक फोटो स्टुडिओ बंद होत होता. मालकांनी मोबाइलवर पाठवलेल्या फोटोत तीच लेन्स होती, पण कुठली आवृत्ती ते कळेना. तिच्यावरचा क्रमांक असा की जुनी कुठे संपते आणि नवी कुठे सुरू होते यावर इंटरनेटवर माहिती देणाऱ्या दोघांचं एकमत नव्हतं. दुसरी खूण म्हणजे उजेड कमीजास्त करणाऱ्या मागच्या कड्यावरचा शेवटचा आकडा, बावीस. नव्या लेन्सवर तो नारिंगी असतो. मालकांनी मात्र झिजलेले सगळेच आकडे पांढऱ्या रंगाने पुन्हा गिरवून ठेवले होते. तिसरी आणि खरी खूण म्हणजे अंतराचे आकडे. त्यांच्यावर कापडी चिकटपट्टी होती.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी निघालो. बाबांना डोळ्यांत घालायचे थेंब आणायचे होते, तेही मोटारसायकलवर मागे बसले.

स्टुडिओत भिंतीवरच्या फ्रेमा उतरवलेल्या होत्या आणि त्यांच्या जागी चौकोनी उजळ डाग राहिले होते. मालक सत्तरीचे. घरची भाषा गुजराती, पण गिऱ्हाइकाशी डहाणूची मराठी.

"आवो सर, बसो. काका, तुम्ही पण बसा. खुर्ची आहे ती पासपोर्टची आहे, पण हालत नाय."

बाबा त्या खुर्चीवर ताठ बसले. मालक हसले. "अरे काका, फोटो नाय काढत. आरामात बसा."

लेन्स हातात आली तेव्हा मी आधी ती चिकटपट्टी पाहिली. मळून तपकिरी झालेल्या पट्टीवर गुजराती अक्षरांत, शाईने, बारीक बारीक शब्द होते. ते त्यांनी वाचून दाखवले. एका टोकाला 'जोडी', मध्ये 'विधी', दुसऱ्या टोकाला 'ग्रुप'.

"चिखल्यापासून वरोरपर्यंत लग्नं केली हिने," ते म्हणाले. "आमच्यात हिला ग्रुपची लेन्स बोलतात. आकडे कोण बघतो? मांडवात अंधार, नवरदेवाचा मामा ओरडतो, लवकर करा, लवकर करा. मग ही पट्टी. हात लावला की समजतं."

"जवळात जवळ किती दिसतं?"

"ते मला काय माहिती? माझं काम ग्रुपचं. नवरीच्या नाकाजवळ गेलो असतो तर मार खाल्ला असता."

बाबा मोठ्याने हसले. अनोळखी ठिकाणी ते असे हसत नाहीत.

पट्टी काढा असं म्हणायची मला हिंमत होईना. मग सुचलं, प्रत्यक्ष मोजून बघू. लेन्स कॅमेऱ्यावर चढवली, कडं शेवटपर्यंत फिरवलं आणि काउंटरवर पडलेल्या एका पासपोर्ट फोटोवर वाकलो. हळूहळू पुढेमागे होत एका जागी कुणा अनोळखी माणसाच्या मिशीचा केस न् केस दिसायला लागला. तिथेच थांबलो.

"बाबा, मोज रे."

बाबांनी अंगठा काचेच्या कडेला टेकवला आणि करंगळी फोटोकडे ताणली. "एक वीत. बरोब्बर."

एक वीत म्हणजे वीस सेंटीमीटर. मी सरळ उभा राहिलो. "नवीच आहे," मी म्हणालो. "वीसवाली. हीच पाहिजे होती."

मालक खूश झाले. "बघा, मला माहितीच नव्हतं घरात एवढी भारी वस्तू आहे."

बाबांचा हात अजून तसाच ताणलेला होता. लेन्सकडे बघत ते म्हणाले, "पण मोजायचं कुठून?"

"म्हणजे?"

"काचेपासून मोजायचं का या डब्याच्या पाठीपासून? बांधाला नाय का, तो मधून मोज म्हणतो, आपण कडेपासून मोज म्हणतो. दोन हात सरकतात तिथं."

शेजारच्या शेतकऱ्याशी आमचा बांधाचा वाद मी लहानपणापासून ऐकत आलोय. मोजणीवाले येऊन गेले तरी तो मिटला नाही, कारण साखळी कुठे टेकवायची तेच ठरत नव्हतं. बाबांनी जन्मात एकच शास्त्र सोसलं होतं आणि ते हे मोजणीचं होतं.

मी कॅमेरा उलटसुलट केला. माथ्यावर, डाव्या बाजूला, एक बारीक गोल आणि त्याला छेदणारी आडवी रेघ कोरलेली होती. रोज हाताळूनही तिचा अर्थ मी कधी मनावर घेतला नव्हता. आत चित्र जिथे उमटतं ती जागा. लेन्सवरचं अंतर तिथून मोजतात. काचेपासून नाही. मी वर्गात मुलांना पट्टी देताना दरवेळी सांगतो, आधी शून्य कुठे आहे ते बघा. आणि इथे स्वतःच काचेला शून्य धरून बसलो होतो. त्या रेघेपासून काचेपर्यंतच दहा सेंटीमीटर. त्यात बाबांची वीत.

"तीस," मी म्हणालो. "जुनी आहे."

खरं तर पट्टी काढून खात्री करायची मालकांना गरज नव्हती, लेन्स भारी ठरल्याने ते मघाशीच खूश झाले होते. पण त्यांनीच माझ्या हातातून लेन्स घेतली, खिळ्याला अडकवलेली चिंधी रॉकेलमध्ये बुडवली आणि पट्टीच्या कडेला लावली.

"नको, राहू द्या," मी म्हणालो.

"अरे सर, घेणाऱ्याने बघून घ्यायला पाहिजे. आणि आता कुठल्या मांडवात जायचं आहे मला?"

पट्टी एका तुकड्यात निघाली नाही. 'ग्रुप' आधी सुटला, 'जोडी' शेवटी. खाली आकडे अगदी कोरे करकरीत होते, इतकी वर्षं झाकून राहिलेले. शेवटचा आकडा ०.३ मीटर, म्हणजे तीस सेंटीमीटरच.

"सॉरी हां," ते म्हणाले. जणू ती त्यांनीच तशी बनवली होती.

बाबांनी विचारलं, "मग नापास का?"

मी त्यांना सगळं सांगितलं. लोंबी कशी दिसायला हवी होती, ठिपका, मागे ते स्वतः. फोटो काढायचाय एवढंच त्यांना माहीत होतं, त्यात ते असणार हे मी बोललो नव्हतो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठिपका दिसायला पाहिजे एवढंच ना? मग मला कशाला लांब उभा करतोस? मी काय ग्रुप आहे?"

मालक असे हसले की त्यांना खोकला आला.

लेन्स मी घेतली, जुनी आहे हे कळून घेतली. वीसवाली मागवायला आठ दिवस पुरले नसते, हे एक कारण. दुसरं मला नीट सांगता येत नाही.

कापणीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही शेतात गेलो. तीस सेंटीमीटरवरून लोंबी लहानच दिसत होती, माझा हिशेब चुकला नव्हता. पण बाबा मी ठरवलं होतं तसे पाच पावलं मागे गेले नाहीत. त्यांनी उभ्या भातातली एक लोंबी न तोडता वाकवली, तळहातावर आडवी घेतली आणि हात माझ्याकडे पुढे केला. चिरा पडलेल्या काळपट तळव्यावर पिवळे दाणे वेगळे उठून दिसले. हाताच्या टोकाला ते स्वतः, डोक्याला टॉवेल बांधलेला, डोळे बारीक केलेले. त्यांच्यामागे शेत आणि शेवटी टेकडी. वारा थांबायची वाट बघत आम्ही दोघे श्वास धरून होतो. तेवढ्यात तेच म्हणाले, "काढ लवकर, हात दुखतो."

दुपारी फोटो मोबाइलवर घेऊन त्यांना दाखवला. त्यांनी आधी स्वतःकडे पाहिलंच नाही. दोन बोटांनी तळहात मोठा केला, आणखी मोठा केला, आणि एकेका दाण्यावरून सरकत राहिले. माझी नजर त्यांच्या बोटावर होती. ठिपका नसता तर ते तसं तोंडावर म्हणाले असते, मी त्यांना ओळखतो.

बोट एका जागी थांबलं.

"हं. घरचंच आहे."

मग त्यांनी मोबाइल आईकडे दिला आणि ओटीवरचा विळा धार लावायला घेतला.