वेशीतला वर्ग

योस्ट अंब्यूल मास्तरांनी उभ्या आयुष्यात बांधलं काय, तर एक धुण्याची शेड, अर्धी शाळा आणि एका चर्चचं छप्पर. आर्किटेक्ट म्हणवणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, असं आमच्या गावात सगळेच म्हणत. मीही म्हणत असे. गिऱ्हाइकाने "खिडकी इथे नको, तिथे काढा" म्हटलं की मास्तर नकाशा गुंडाळून चालू लागायचे. मग जलरंगांची पेटी घेऊन वेशीपाशी चित्र काढत बसायचे. बसायला गवळ्याचं एका पायाचं स्टूल, पट्ट्याने कमरेला बांधलेलं. उठले की ते मागे शेपटीसारखं लोंबायचं आणि बायका फिदीफिदी हसायच्या.

दर रविवारी प्रार्थनेनंतर ते आम्हा सुतार-गवंड्यांना शाळेत चित्रकला शिकवत. पोटापाण्याला तेवढी एकच नोकरी होती, तीही गावाने दिलेली.

आमचे गावप्रमुख हिलार त्सुबर यांना वेस पाडून तिथे पाच मजली हॉटेल उठवायचं होतं. गावसभेत त्यावर मत घ्यायचं होतं, म्हणून झ्युरिचहून त्याचं चित्र आलं. छपराचं लाकूडकाम मला मिळणार होतं, त्यामुळे मला ते चित्र जरा जास्तच आवडलं.

मास्तरांनी ते एकदाच पाहिलं. "बाल्ट्स, दारातला हा माणूस किती उंच आहे रे?"

त्यांनीच शिकवल्याप्रमाणे मी अंगठ्याने मोजलं. "पहिल्या मजल्याच्या खिडकीला हात पोचतोय की त्याचा!"

"असा कुणी आहे आपल्या गावात? माणसं फुगवली की इमारत बुटकी दिसते. सरळसरळ फसवणूक आहे ही."

आमच्याकडे काहीही बांधण्याआधी त्या जागी खऱ्या उंचीचे खांब उभे करतात, म्हणजे कुणाचं काय झाकलं जाणार ते कळतं. कोंबड्यांच्या खुराड्यालाही यातून सूट नाही. त्सुबर मात्र म्हणाले, "खांब मतदानानंतर."

"आधी," मास्तर म्हणाले.

"अंब्यूल, नोकरी नकोशी झालीय का?"

"हवी आहे की. खरं माप घ्यायला शिकवणं, हीच तर ती नोकरी."

मला मास्तरांचाच राग आला. "माझ्या तोंडचा घास काढताय तुम्ही," मी त्यांना सुनावलं.

"काढतोय. आणि खांब तुझ्याच वखारीतून लागतील."

काय म्हणावं या माणसाला! पण चित्रातला तो फुगवलेला माणूस माझ्या डोक्यातून जाईना. शनिवारी सकाळी वर्गातल्या आम्ही अकरा जणांनी चार कोपऱ्यांवर खांब उभे केले आणि वर दोर ताणला. दोराची सावली जमिनीवर जिथवर गेली, तिथवर मास्तरांनी चुन्याची रेघ ओढली. रेघ गल्ली ओलांडून, कपडे वाळवायच्या हिरवळीवरून थेट माझ्या दारात आली. हिवाळ्यात आम्हाला ऊन मिळतं जेमतेम तीन तास. ते सगळं रेघेच्या आत, म्हणजे हॉटेलाच्या सावलीत गेलं होतं.

त्सुबर तणतणत आले. "उपटा ते खांब!"

मास्तर खांबाला टेकून स्टुलावर बसले. "आधी मला उपटा."

कुणी पुढे झालं नाही. माझी बायको फ्रेनी त्या रेघेकडे बघत राहिली. बायकांना मत नव्हतं, पण जीभ होती. "उद्या त्या हॉटेलासाठी हात वर केलास," ती म्हणाली, "तर त्याच हाताने स्वयंपाक करायचा."

रविवारी चौकात गावसभा भरली. हॉटेलासाठी एकवीस हात वर झाले, विरोधात एकशे चार. माझा हात विरोधात होता. छप्पर गेल्याचं दुःख झालं, खोटं कशाला बोलू? पण इतका ताठ मी कधीच उभा राहिलो नव्हतो.

त्सुबरांनी त्याच आठवड्यात मास्तरांची नोकरी काढून घेतली आणि वर्गाला कुलूप ठोकलं. पुढच्या रविवारी आम्ही येऊन पाहतो तर मास्तर वेशीच्या कमानीखाली, त्याच स्टुलावर! आम्ही पाट्या मांडीवर घेऊन रस्ताभर बसलो. त्या दिवसापासून फी म्हणून प्रत्येक जण घरचं चीज आणि पाव आणू लागला.

त्या पहिल्याच रविवारी तास चालू असताना त्सुबरांची बग्गी आली. गावाबाहेर पडायला दुसरी वाट नव्हती.

"बाजूला व्हा!" ते ओरडले.

मास्तरांनी मानही वळवली नाही. "वर्ग चालू आहे."

त्सुबरांनी आमच्याकडे पाहिलं. एकही जण उठला नाही. त्यांनी लगाम खेचला आणि तास संपेपर्यंत बग्गीतच बसून राहिले.