पाना माझ्या ट्रंकेत

निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर लष्कराच्या लिलावातला एक जुना पिकअप माझ्या नवऱ्यानं आणि अण्णानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, भागीत घेतला. एक आठवडा आमच्या मुडबीला, एक आठवडा माहेरी चिंताकीला. लोक म्हणाले, छान झालं. मी मात्र मनात म्हणाले, दाजी-मेव्हण्यांची भागी मोडली की माहेरची वाट बाईचीच बंद होते.

थोड्याच दिवसांत इंजिन सूं सूं करू लागलं. दोघं गाडी मैलूरच्या मिस्त्रीकडे घेऊन गेले, मीही सोबत होते. त्यानं इंजिनात हवा-पेट्रोल नेणारी ओतीव लोखंडाची नळी दाखवली. तिला तो मॅनिफोल्ड म्हणे. तिचे बोल्ट ढिले झाले होते. आधी मधले, मग एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा, असं थोडं थोडं आवळत तो कडेपर्यंत गेला आणि पुन्हा मधून सुरू झाला. वाकळीला आम्ही बाया असेच मधून टाके घालतो, म्हणून मला पटलं. या दोघांचं तिकडे लक्षच नव्हतं. ढिले केले कुणी, एवढंच त्यांच्या डोक्यात.

"तुजा अण्णा बोल्ट सैल करून गाडी द्यायलाय बग," हे म्हणायचे.

माहेरी गेले की अण्णा विचारी, "बाई, दाजी सारखं बॉनेट उघडून काय करायलेत?"

मलाही कुणाचा भरवसा वाटेना. अण्णानं दिलेली शेंगांची पिशवीसुद्धा मी तळापर्यंत चाचपली.

शेवटी बोल्ट बसतो तो नळीचा कानच फुटला. पुन्हा आम्ही तिघं मिस्त्रीच्या दारात. अण्णानं कपाळाच्या विभूतीला बोट लावलं. "शपथ! म्या एक बी बोल्ट सैल केला न्हाई."

"म्या बी न्हाई!" यांनीही बोट लावलं.

मिस्त्रीनं फुटका कान न्याहाळला. "सैल कुणीच केलं न्हाई. एकाच बाजूनं आवळून आवळून फोडलंय."

दोघांच्या माना खाली गेल्या. गाडी ताब्यात आली की, दुसऱ्यानं बोल्ट सैल केलेच असणार म्हणून, प्रत्येकानं गुपचूप पाना मारून ते आवळले होते. मला इतका राग आला की हसू फुटलं.

नवी नळी बसली तसा मी हात पुढे केला. "पाना इकडं द्या. दोघं सोबत आलात तरच मिळंल."

गाडी विकेपर्यंत पाना माझ्या ट्रंकेत लुगड्यांखाली राहिला आणि माहेरची वाट उघडी राहिली. मी एकटी सापडले की मात्र दोघंही एकमेकांबद्दल हळूच विचारत, "एकटाच पाना मागायला आलता का?"

मी खरं तेच सांगे, "न्हाई."

दोघांचाही विश्वास बसत नसे.