चौथ्या भागातली जेटी

या धाग्यावर गेले बरेच दिवस मी नुसता वाचक आहे. मूळ कथा भारी की त्यांच्यावर निघालेली नवी वेबसिरीज भारी, यावर तुमची चांगलीच जुंपलीय. एरवी मीही हिरीरीने उतरलो असतो... पण काल कुणीतरी चौथ्या भागाचा विषय काढला. ‘जेटीचा सीन मस्त घेतलाय, एकदम रिकामी जेटी, अंगावर येते’ असं लिहिलं. ते वाचून राहवलं नाही.

आधीच सांगतो, माझा या प्रकारांवर काडीचा विश्वास नव्हता. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ माझं मेडिकलचं दुकान आहे. नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून आलेल्या माणसाला मी निमूट ओआरएसचं पाकीट देणारा माणूस. भुताच्या कथा वाचायच्या त्या चवीपुरत्या, पुस्तक मिटलं की विषय संपला. लेखकाचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे.

दत्ता माझा शाळेपासूनचा मित्र. परटवण्यात राहतो, आयुष्यभर जहाजांवर इंजिनात काम केलं. त्याची बायको मंगलवहिनी या लेखकाची माझ्याहून मोठी भक्त. आणि त्यांचा एकुलता एक मुलगा अनिकेत आईचा भक्त. लहानपणी त्यांच्या घरी टीव्हीवर जुनी मालिका लागायची तेव्हा मायलेकरांचं भांडण ऐकण्यासारखं असायचं. ती खाडीवरच्या म्हाताऱ्याची कथा आठवते ना? पलीकडच्या काठावरून ‘तर आण’, म्हणजे होडी आण, अशी हाक येते, म्हातारा होडी घेऊन जातो, तिथे कुणी नसतं, आणि परत येताना होडी जड लागते. कथेत एवढंच. जुन्या मालिकेत मात्र होडीत पांढऱ्या साडीतली बाई बसवली होती, वर पैंजण.

‘आई, ही बाई कुठून आली गो? पुस्तकात कुठाय?’ अनिकेत वैतागायचा.

‘त्यांना बाईशिवाय भूत करता येत नाय,’ वहिनी म्हणायच्या. ‘तू पुस्तक वाच. होडी जड झाली म्हटलंय ना, पुरे झालं.’

अनिकेतही बापाच्या वाटेने मर्चंट नेव्हीत गेला. नोकरीतल्या दुसऱ्याच जहाजावर असताना गेला... गेला म्हणजे काय, ते आजवर कुणाला कळलं नाही. सकाळी कामावर आला नाही म्हणून शोधलं, तर केबिन रिकामी. आसपासचा समुद्र शोधला म्हणे. दत्ताला जहाज माहीत, समुद्र माहीत, त्याने कंपनीचा फोन ठेवला आणि ओट्यावर जाऊन बसला. मी पोचलो तेव्हा म्हणाला, ‘संपलं रे.’ वहिनींनी मात्र ते मानलं नाही. फोटोला हार घालू दिला नाही, क्रियाकर्म करू दिलं नाही. अनिकेतचे कपडे धुऊन, इस्त्री करून परत कपाटात लावायच्या.

त्यानंतरच्या वर्षी नवी वेबसिरीज आली. तिचं काही शूटिंग आपल्याकडेच, राजापूर तालुक्यातल्या नाटे गावात झालं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. मला वाटलं, वहिनींचं मन रमेल. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी त्यांच्या टीव्हीला मोबाइल जोडून दिला. पहिले तीन भाग बरे गेले. वहिनी मधेमधे बोलायलाही लागल्या... ‘हे पुस्तकात असं नाय,’ ‘ह्याने बरा केलाय हो म्हातारा.’ किती महिन्यांनी त्यांचा तो आवाज ऐकला. दत्तानं माझ्याकडे बघून मान हलवली.

चौथ्या भागात तो शहरातला तरुण रिक्षातून उतरतो आणि जेटीवर येऊन रस्ता विचारतो. टळटळीत दुपार. मागे वाळत घातलेली जाळी, दोन-तीन होड्या, आणि जेटीच्या टोकाला दोर बांधायचा लोखंडी खुंट. त्या खुंटावर कुणीतरी बसलेलं होतं. पाठमोरं, थोडं तिरकं. निळ्या चौकड्यांचा शर्ट. एक चप्पल काढून त्या चपलेवरच पाय टेकलेला.

तसा पाय टेकून अनिकेतच बसायचा. माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसला तरी तसाच.

मला वाटलं, मलाच भास होतोय. पण वहिनी उठून टीव्हीजवळ गेल्या, आणि काचेला हात लावून हळूच म्हणाल्या, ‘अनू.’

दत्ता ओरडला, ‘बंद कर! बंद कर ते!’ माझ्या हातून रिमोट पडला. सीन पुढे गेला. मी मागे घेतला... तोच. चेहरा अर्धा दिसतो, कानामागचा लहानपणचा व्रण दिसतो. तो शर्ट आतल्या कपाटात टांगलेला होता. वहिनींनी आणून दाखवला.

शूटिंग अनिकेत गेल्यानंतर झालेलं, याबद्दल शंका नाही. तरी वेड्या आशेने आम्ही दोघे दुसऱ्या दिवशी नाट्याला गेलो. वहिनी येते म्हणत होत्या, दत्तानं आणलं नाही. गाडीतून उतरताना म्हणाला, ‘जिवंत असेल तर फोन नाय करणार आईला?’

जेटीवर एक गृहस्थ जाळं विणत होते. शूटिंगच्या वेळी ते तिथेच होते, त्यांची होडीच भाड्याने घेतली होती. अनिकेतचा फोटो दाखवला. नाही म्हणाले. मग मी मोबाइलवर तो सीन लावला आणि थांबवला.

‘हा कोण बसलाय, आठवतं का?’

त्यांनी मोबाइल हातात घेतला, सावलीत धरला. ‘खंय? कोण नाय बसलेला.’

‘हा काय, खुंटावर.’

‘खुंट दिसतो. वरती कोण नाय.’ मग दत्ताच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांनी मोबाइल परत दिला. ‘पाणी देऊ काय हो त्यांना?’

दत्ता जाऊन त्या खुंटावर बसला. किती वेळ बसला होता सांगता येत नाही. मी हाक मारली तेव्हा उठला.

मग मला नाद लागला. दुकानात कामाला असलेल्या मुलीला सीन दाखवला, ती नुकतीच देवरूखहून आलेली, अनिकेतला तिने कधी बघितलं नव्हतं. तिला रिकामी जेटी दिसली. माझ्या बायकोला दाखवला, ती तोंडावर पदर धरून रडायला लागली. अनिकेतचा क्रिकेटमधला मित्र औषध न्यायला आला होता, त्याला काही न सांगता दाखवला. तो पांढरा पडला, ‘काका, हे काय आहे?’ म्हणाला, आणि औषध तिथेच विसरून गेला. जो त्याला ओळखत होता त्याला तो दिसत होता. बाकी कुणाला नाही. सिरीजवाल्यांपैकी एकाचा नंबर मिळवून फोन केला, त्याने सभ्यपणे ऐकून घेतलं. जेटी शूटिंगसाठी मोकळी करून घेतली होती, म्हणाला. फ्रेममध्ये माणूस असता तर एडिटिंगला कळलंच असतं.

वहिनींना यातलं काही पटवून घ्यायचं नव्हतं. रोज दुपारी त्या सीन लावून बसायच्या. ‘भाऊजी, तो आहे म्हणून तर दिसतो ना?’ स्वयंपाक राहायचा, दत्ता चहा-पाव खाऊन झोपायचा. समजवायला आलेल्या बहिणीला त्यांनी घरातून जायला सांगितलं.

शेवटी दत्तानं ठरवलं. त्यांच्या ओळखीच्या गुरुजींना विचारून, वहिनींना न सांगता, देह मिळाला नाही की करतात तसा दर्भाचा पुतळा करून त्यानं भाट्याच्या किनाऱ्यावर क्रिया केली. मी बरोबर होतो. समुद्रात हात धुताना मला म्हणाला, ‘सोडवला असेन ना रे मी त्याला? की हाकलला?’

त्या दिवसापासून दत्ताला सीनमध्ये कुणी दिसेना. अनिकेतच्या त्या मित्रालाही दिसेना, माझ्या बायकोलाही नाही. मी मनात म्हटलं, झालं, सुटलं पोर. पण मला दिसत होता! तोच शर्ट, तोच पाय. का, ते विचारू नका. मी त्याचा कोण लागतो? बापाच्या दोस्तीतला काका.

वहिनींना कधी दिसेनासा झाला, त्यांनी सांगितलं नाही. एक दिवस दुपारी दुकानात गर्दी नव्हती, तेव्हा त्या छत्री मिटत वर आल्या. मोबाइल पुढे केला.

‘भाऊजी, जरा बघा हो. आहे?’

‘आहे की वहिनी. का?’

‘मला नाय दिसत.’ डोळे कोरडे होते. ‘चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं.’ चष्म्याचा काही संबंध नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. ‘काय करतोय तो?’

‘बसलाय. पाण्याकडे बघतोय.’

‘बारीक झालाय?’

‘नाही. तसाच आहे.’

मग त्या नेमाने यायला लागल्या. मी बघायचं आणि सांगायचं. केस वाढलेत का, शर्टाची बटणं लावलीत का... एकाच सीनमधलं किती सांगणार? पण त्यांना तेवढ्यावर दिवस काढता येत होता. दत्ताला हे कळलं तेव्हा तो माझ्यावर चिडला नाही. ‘तुला दिसतोय तोवर सांग बाबा,’ म्हणाला. ‘ती निदान जेवते.’

मध्यंतरी एका डॉक्टरांशी बोललो. दुःखात माणसाला असं दिसतं, म्हणाले. मग माझ्या बायकोला? क्रिकेटमधल्या मित्राला, न सांगता? बरं, आठवण विरते तसा तो दिसेनासा झाला म्हणावं, तर आईला माझ्याआधी कसा दिसेनासा झाला? क्रियेने सुटला म्हणावं, तर मला कशाला दिसत राहिला? मी सगळ्या बाजूंनी विचार केला. कुठलंच उत्तर पुरत नाही.

गेल्या आठवड्यात वहिनी आल्या. ऊन होतं, पायरीवर जरा थांबून दम घेतला. मी सीन लावला. रिक्षा आली, तरुण उतरला, जेटीवर आला. जाळी, होड्या, खुंट.

नुसता खुंट.

मी मागे घेतला. पुन्हा लावला. ब्राइटनेस वाढवला, मोबाइल तिरका केला. खोटं बोलायचं मनात आलं होतं, शप्पथ. ‘बसलाय’ एवढा एकच शब्द होता. पण मी मान वर केली तेव्हा वहिनी मोबाइलकडे बघतच नव्हत्या, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना कळलं होतं.

‘तुम्हालाही नाय दिसत ना?’

त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि पिशवीत ठेवला. दुकानातली मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन आली, तो घेतला नाही.

‘म्हणजे आता तो कुणालाच दिसत नाही,’ वहिनी म्हणाल्या.

छत्री उघडायची राहिली तशाच त्या उन्हात चालत गेल्या. त्यानंतर आलेल्या नाहीत. दत्ता सांगतो, कपाटातले कपडे बाहेर काढून ठेवलेत, देतही नाहीत आणि परत आतही ठेवत नाहीत.

काय होतं ते, मला आजही माहीत नाही. तुम्ही चौथा भाग बघाल आणि जेटी रिकामी आहे म्हणून लिहाल. हो, रिकामीच आहे.