देवीपुढे घेतलेले नाव

त्या वर्षी माझा देवाशी अबोला होता. गिरगावातल्या आमच्या बिऱ्हाडात पत्नी तीन महिने अंथरुणाला खिळली होती. ताप उतरला, पण तिची अन्नावरची वासना उडाली ती उडालीच. वैद्यबुवा म्हणाले, "औषध माझ्याकडे आहे, जगण्याची इच्छा कुठून आणू?" मी पेज भरवावी आणि तिने दोन घोटांवर तोंड फिरवावे, असे चालले होते.

एके सकाळी ती म्हणाली, "माहेरच्या देवीला पायी येऊन ओटी भरीन, असं बोलले होते. आता माझ्यानं होत नाही. तुम्ही जाऊन याल?" देवी कल्याणच्या पुढे, उल्हास नदीच्या काठाने बरीच वर. नाही म्हणवेना. पण पायी जाण्याइतकी रजा कचेरीत कोण देतो? तेव्हा मी वकिली लढवली: बायसिकल तरी पायांनीच चालवायची ना? एका पारशी स्नेह्याची गाडी मागून घेतली, शेजारणीला घर सांभाळायला सांगितले, खण-नारळ पुढच्या दांड्याला बांधले आणि परळ, शीव मागे टाकीत एकटाच निघालो. कल्याणात मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी नदीच्या कडेकडेने जाताना भाताची पिवळी शेते, पाण्यावरचे बगळे पाहून मन हलके झाले, आणि त्याची मला लाजही वाटली. देऊळ कोसभर राहिले असताना बाभळीचा काटा मागच्या चाकात घुसला. हवा गेली. मी देवीला नको ते बोललो.

गाडी ढकलीत नदी ओलांडायच्या तरीपाशी आलो. तरीवाला नावेच्या भेगांत राळ भरत होता. माझे बसलेले चाक पाहून, "राळेवर टिकतंय का बगतो," म्हणाला आणि काट्याचे भोक बुजवायला बसला. त्याची म्हातारी बायको माझ्या खण-नारळाकडे पाहत होती.

"संगं बाई कोन हाय?"

"कोणी नाही."

ती हसलीच. "मंग देवीची ओटी बाप्या भरनार काय? शिकल्याला दिसतोस नं रं तू!"

ओटी सवाष्णीने भरायची, हे इतक्या लांब येईपर्यंत माझ्या डोक्यात आले नव्हते. पत्नी सांगायला विसरली की मीच ऐकले नाही, कोण जाणे. म्हातारी आपणहून माझ्याबरोबर चालू लागली; वाटेत मी तिला पत्नीचे दुखणे सांगितले.

देवळात चिटपाखरू नव्हते. तिने पदर डोक्यावर घेतला, खण-नारळ ओंजळीत धरले आणि थांबली. "कुनाच्या नावानं भरू? नाव घे तिचं."

लग्नाला आठ वर्षे झाली होती. पत्नीचे नाव मी कोणासमोर कधी उच्चारले नव्हते. 'अगं' म्हणजे ती. "काशी," मी म्हणालो, आणि मला रडू कोसळले. म्हातारीने देवीची ओटी भरली. "काशीला उठव गं आये," एवढेच म्हणाली.

राळ कल्याणपर्यंत टिकली. पुढे आगगाडीने आलो. घरी पत्नीला सगळे सांगितले, वकिलीसुद्धा. ती डोळे मिटून ऐकत होती.

"माझं नाव घेतलंत? परक्या बाईसमोर?"

"मोठ्याने."

ती भिंतीला टेकून उठून बसली. "थोडी पेज आहे का?"

मी याला चमत्कार म्हणत नाही. काटा रुतला नसता तर मी देवळात तासभर आधी पोचलो असतो, आणि एकटाच, एवढे मात्र खरे. तोवर देवापुढे मी नुसती बाजू मांडत आलो होतो. त्या दिवशी मांडायला काही उरलेच नाही, आणि तेव्हाच त्याने ऐकले, असे मला वाटते.

तिने वाटी रिकामी केली आणि म्हणाली, पेजेत मीठ कमी आहे. मी तिथेच हात जोडले.