आमच्या घरी जेवलेले न्यायमूर्ती

भाईंना उपाशी परत पाठवणं पेडणे तालुक्यात कुणाला जमलं नाही. उंबऱ्यापाशी चपला काढायच्या आणि स्वयंपाकघराकडे बघत विचारायचं, "काय शिजलां?" वकील होते तेव्हाही हेच, आमदार झाल्यावरही हेच. आमच्या पार्से गावी आईच्या हातची उकड्या तांदळाची पेज आणि मिठातली कैरी हे तर ठरलेलंच. आई संकोचायची, तर म्हणायचे, "आमदार झालो म्हणान भूक लागना काय गो, काकी?"

जेवता जेवता घरची खबर काढायचे. कुणाची मुलगी कुठे दिली, कुणाचा म्हातारा कधी गेला, सगळं तोंडपाठ. इब्रामपूरच्या एका बाळाच्या जन्माची बातमी त्याच्या मामाला भाईंकडूनच कळली म्हणे.

दुसऱ्या निवडणुकीत पडले. पुन्हा काळा कोट चढवला, पणजीला राहायला गेले आणि काही वर्षांनी बातमी आली, भाई हायकोर्टाचे न्यायाधीश! पार्सेत फटाके वाजले. आईने वर्तमानपत्रातला फोटो कापून देवाशेजारी लावला. तिला कारणही होतं. भाटकार, म्हणजे आमच्या घराखालच्या जमिनीचा मालक, आम्हांला उठवायला निघाला होता आणि प्रकरण हायकोर्टात पोचलं होतं. "आता भाई आसत," एवढंच ती म्हणायची.

तारखेला आम्ही पर्वरीला हायकोर्टात गेलो, तर समोर भाईच. त्यांनी कागद उलटले, आईकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाले की, या घरी मी कितीदा तरी जेवलो आहे, हे प्रकरण मी ऐकणार नाही. मी हादरलेच. आईला सांगितलं, तर ती भर कोर्टात म्हणाली, "माझी पेज बाधली तुमका, भाई?" शिपायाने तिला दटावलं. भाईंनी पुढची फाईल मागितली.

मग कळलं, पेडण्याची प्रकरणं ते अशीच सोडत होते. ते जेवले नाहीत असं घर होतं कुठे? ज्यांच्यासाठी फटाके लावले, नेमके तेच आमच्या उपयोगाचे नव्हते. पुढे तर त्यांनी तालुक्यात येणंच सोडलं. मला त्यांचा राग आला, फार आला. आईने फोटो काढला नाही, पण त्यांचं नावही पुन्हा काढलं नाही.

निकाल दुसऱ्या न्यायाधीशांनी दिला. घर राहिलं. तो ऐकायला आई नव्हती, आठ महिने आधीच गेली.

अलीकडेच भाई निवृत्त झाले आणि चौथ्या दिवशी आमच्या दारात हजर. चपला काढल्या, स्वयंपाकघराकडे पाहून हाक मारली, "काकी, पेज आसा मगे? आता जेवक हरकत ना!" मग माझ्याकडे वळले. "काकी खंय गेली?"

माझा कानांवर विश्वास बसेना. घराघरातलं मरण ठाऊक असलेला हा माणूस! म्हटलं, "आई गेली, भाई. दोन वर्सां झाली."

ते ओसरीवरच बसले. "माका कोणी सांगूक ना."

"तुमी येवक ना, भाई. सांगतलो कोण?"

मी बोलून गेले आणि माझंच मला वाईट वाटलं. आत जाऊन पेज वाढून आणली. ती निवली, वर साय धरली, तरी भाई हात धुऊन तसेच बसून राहिले. आमच्या घरातून ते उपाशी गेले ते त्या दिवशीच.