बर्फात रोवलेल्या फांदीपाशी

माझा देवावरचा विश्वास त्या वर्षी पातळ झाला होता, हे आधीच सांगून टाकते. सोलापुरात होते तोवर तुळजापूरच्या आईला हाक मारली की ती ऐकते, याबद्दल मला कधी शंका आली नव्हती. संकट आलं की हाक मारायची, निभावलं की ओटी भरून यायचं, असा आमचा सरळ व्यवहार. पण सत्तरच्या पुढच्या त्या वर्षांत आम्ही नॉर्वेला गेलो आणि माझी हाक अडखळायला लागली. जिथं जोंधळा पिकत नाही, कुंकू मिळत नाही, मराठीचा एक शब्द कानावर पडत नाही, तिथवर आईची हद्द पोचत असेल का? फार फार तर नळदुर्गापर्यंत पोचत असेल, असं मी चिडून म्हणायची. दिवा रोज लावत होते, पण तो सवयीनं.

आमचे हे मूळचे मंद्रूपचे, सोलापूरच्या गिरणीत चादरींची नक्षी काढायचे. चौकोनाचौकोनांच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा, म्हणजे मागावर तशी नक्षी उतरते. बारीक नजरेचं काम. लोकरीच्या पांघरुणांचं काम शिकायला गिरणीनं यांना वर्षभरासाठी तिकडच्या एका कारखान्यात धाडलं आणि मीही बरोबर गेले. ईस्टरच्या सुट्टीत तिकडची माणसं डोंगरावर जातात, बर्फातल्या लाकडी झोपड्यांत राहतात आणि दिवसभर पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावर हिंडतात. त्याला स्की म्हणतात. कारखान्यातल्या ओलाफ नावाच्या मुकादमानं आम्हाला त्याच्या झोपडीवर नेलं. हिवाळाभर पडत-झडत आम्ही स्की शिकलो होतो, त्यामुळे अंगात जरा मस्तीही आली होती.

निघताना ओलाफनं आम्हा दोघांना काळे चष्मे दिले. मी हौसेनं लावला, फोटोत छान दिसतो म्हणून. यांच्या चष्म्यावर मात्र चढाला घामाची वाफ धरली, तसा यांनी तो काढून खिशात कोंबला. ओलाफ परत परत खुणा करून सांगत होता. हे हसत मला म्हणाले, "अगं, वैशाखात रानात उघड्या डोक्यानं हिंडलेली मानसं आमी! ह्ये ऊन म्हंजी चांदणंच की!" मलाही ते खरंच वाटलं. सोलापूरच्या माणसाला उन्हाचं काय भय घालता? हे ऊन वरून थोडं आणि खालच्या बर्फावरून जास्त येतं, हे आम्हाला कोण सांगणार? ओलाफ सांगत होता, पण आम्ही ऐकलं नाही.

संध्याकाळी हे डोळे चोळायला लागले. वाळू गेल्यागत होतंय म्हणाले. सकाळी उठले ते डोळे मिटूनच. पापण्या सुजलेल्या, पाण्याची धार लागलेली. "मला काय दिसंना गं," म्हणाले. "उजेड सुदिक सोसंना." ओलाफनं धीर दिला, बरं होईल म्हणाला. पण बरं होईल असं तर लोक मरणाऱ्यालाही म्हणतात. खालच्या गावातून डॉक्टर आणायला तो निघाला. जाताना त्यानं दोनच गोष्टी बजावल्या. चूल विझू द्यायची नाही आणि बाहेर पाऊल टाकायचं नाही.

बसून राहणं हे माझ्या जातकुळीत नाही. माझी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी बांधलीय. मी झोपडी झाडली, परत झाडली. लाकडं रचली, मोडली, परत रचली. यांच्या डोळ्यांवर ओलं फडकं ठेवलं, गरम झालं म्हणून बदललं, मग गार लागतंय म्हणून काढलं. शेवटी हेच वैतागले. थोड्या वेळानं अगदी हळू म्हणाले, "डोळं गेलं तर चौकोन कसं भरायचं गं? मला दुसरं काय येतंय?" त्या वाक्यानं माझा उरलासुरला धीर सुटला. ओलाफ नक्की वाटेत पडला असणार, असं माझ्या मनानं घेतलं. मी उठून कोट चढवला.

"जाऊ नगंस," हे म्हणाले. "बस की हितं माझ्यापाशी."

"आत्ता येते," मी म्हणाले, दाराबाहेर पायाला पट्ट्या बांधल्या नि निघाले.

तिकडं एक चांगली रीत आहे. ईस्टरच्या आधी माणसं डोंगरभर फिरून वाटेच्या कडेनं बर्फात झाडांच्या फांद्या रोवून ठेवतात. एका फांदीपाशी उभं राहिलं की पुढची दिसते, तिच्यापाशी गेलं की तिच्या पुढची. तेवढ्या आधारावर मी उतरायला लागले. बरीच खाली आले असेन आणि धुकं आलं. आलं म्हणजे दार लावून घ्यावं तसं आलं. आभाळ पांढरं, जमीन पांढरी, वर कुठलं आणि खाली कुठलं तेही कळेना. हाताशी असलेली फांदी तेवढी दिसत होती. पुढची दिसत नव्हती. पुढं जावं तर कुठल्या कड्यावरून पडेन याचा नेम नाही, आणि तिकडं आंधळं झालेलं माझं माणूस पेटत्या चुलीपाशी एकटं. मी परत गेले नाही तर मला शोधायला ते चाचपडत बाहेर पडणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी फांदी धरून नवस बोलायला लागले. खणानारळाची ओटी बोलले. मग हिरवं पातळ बोलले. मग सोलापूर ते तुळजापूर पायी येईन म्हणाले. मग वर्षभराचे मंगळवार. धुकं काही हलेना. नवस संपले तशी मी भांडायला लागले, मोठमोठ्यानं, नळावर बायका भांडतात तशी. तुझी हद्द इथं नाही तर तसं सांग, म्हटलं. यांचे डोळे नेऊन तुला काय मिळणार, म्हटलं. घसा बसला. मग अंगातलं सगळं बळच गेलं आणि मी म्हटलं, "आई, मी आता हलत न्हाय. तू बघ."

तशीच उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा काही न करता उभी राहिले असेन.

किती वेळ गेला कोण जाणे. धुक्यातून एका बाईचा आवाज आला, चांगलाच रागावलेला. मागोमाग ती आली. जाडजूड, पन्नाशीची, लाल टोपी, हातात अर्धं सोललेलं संत्रं. पलीकडे कुठंसं खायला बसली होती आणि कुणी तरी भांडतंय असं ऐकून उठून आली होती, हे मागून तिच्या खुणांवरून समजलं. ती मला तिच्या भाषेत रागं भरत होती आणि ते बोलणं मला शब्द न् शब्द कळल्यासारखं वाटत होतं, सासूबाईंचं कळायचं तसं. मी म्हटलं, "बाई, माझं मानूस वर एकटं हाय. मला खाली डॉक्टरकडं जाऊ द्या." तिनं अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं, मला खांद्याला धरून उलटं फिरवलं आणि जमिनीकडे बोट दाखवलं.

बर्फात माझ्याच पट्ट्यांच्या दोन रेघा होत्या, थेट झोपडीपर्यंत जाणाऱ्या. पुढची फांदी शोधण्याच्या नादात मला मागं वळून बघायचं सुचलंच नव्हतं.

त्या रेघांवरून वाकून बघत ती पुढं आणि तिचा गळपट्टा धरून मी मागं, अशा आम्ही वर आलो. हे उंबऱ्यात उभे होते, डोळ्यांना फडकं बांधून, एक पाय बाहेर. आणखी थोडा उशीर झाला असता तर काय, हा विचार मी अजूनही पुरा करत नाही. बाईनं त्यांना खाली बसवलं, पापणी जराशी उचलून बघितली आणि खळखळून हसली. मग स्वतःच्या डोळ्यांवर हात ठेवून दाखवलं, मलाही झालं होतं. बोटांवर मोजून दाखवलं, दोन दिवस, तीन दिवस. ओलाफच्या सांगण्यानं माझा जीव भांड्यात पडला नव्हता, तो तिच्या त्या हसण्यानं पडला. संध्याकाळी ओलाफ आणि डॉक्टर आले आणि त्यांनीही तेच सांगितलं. बाई त्याआधीच निघून गेली होती. नाव विचारायचं राहून गेलं.

ते दोन-तीन दिवस पडदे ओढलेल्या अंधारात मी यांच्यापाशी नुसती बसून राहिले. डोळ्यांवरची पट्टी सोडायची वेळ आली तेव्हा गाठ मीच सोडली. यांनी पापण्या हळूहळू उघडल्या, पाणी पुसलं, माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाले, "तुजं नाक लई भाजलंय की!" मी हसायला गेले आणि रडत सुटले.

ती बाई कोण होती, यावर मी वाद घालत नाही. सुट्टीला आलेली एक भली बाई होती, तिला संत्री आवडत होती, एवढं मला माहीत आहे. हाक मी आईला मारली होती आणि ओ त्या बाईनं दिली. यांचे डोळे राहिले, पुढं कितीतरी वर्षं यांनी चौकोन भरले, त्या चादरी सोलापुरातल्या घराघरांत अंथरल्या गेल्या. हद्दीबद्दल मी पुन्हा कधी बोलले नाही.

परत आल्यावर नवस सगळे फेडले. ओटी भरली, पातळ नेसवलं, पायी गेले, मंगळवार केले. फक्त शेवटी बोलले ते, 'मी हलत नाही, तू बघ,' हे काही एकदा फेडून संपत नाही. माझ्यासारख्या बाईला ते रोज नव्यानं फेडावं लागतं. कधी जमतं, पुष्कळदा जमत नाही. जमत नाही त्या दिवशीही आई बघतच असते.